१२ बोर्डांच्या पॅनेलचा एओआय प्रोग्राम: उजवीकडच्या बोर्डांवरच खोटे दोष का दिसतात?

तपासणी_कक्ष (प्रश्न)

नमस्कार. रिफ्लो भट्टीनंतरच्या (सोल्डर वितळवून घटक जोडणाऱ्या भट्टीनंतरच्या) एओआय यंत्रावर, म्हणजे कॅमेऱ्याने घटक आणि सोल्डरचे जोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रावर, पॅनेलचा प्रोग्राम मी पहिल्यांदाच स्वतः तयार केला आहे. गेले दोन आठवडे एकाच अडचणीत अडकलो आहे, म्हणून सगळा तपशील देतो.

पॅनेल २४० × १८० मिमीचे आणि १ मिमी जाडीचे आहे. त्यात ६० × ५५ मिमीचे १२ बोर्ड असून ते चार-चारच्या तीन ओळींत मांडलेले आहेत. पहिल्या ओळीत १ ते ४, मधल्या ओळीत ५ ते ८ आणि तिसऱ्या ओळीत ९ ते १२ असे क्रमांक आहेत. मधली ओळ १८० अंशांत फिरवलेली आहे. बोर्डांमध्ये व्ही-कट (नंतर तोडून वेगळे करण्यासाठीची व्ही आकाराची खाच) आहे, त्यामुळे दोन बोर्डांच्या मध्ये मोकळी जागा नाही. फक्त दोन लांब कडांना ७.५ मिमीच्या टाकाऊ पट्ट्या आहेत. एका बोर्डावर ८४ घटक आहेत, म्हणजे पॅनेलवर १,००८. त्यात बहुतेक ०४०२ या अगदी लहान आकाराचे रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक डायोड, १६ पायांची एक आयसी, एक क्यूएफएन (बाहेर पाय नसलेली, पोटाखाली पॅड असलेली आयसी) आणि खालच्या कडेजवळ एक उंच कनेक्टर आहे. यंत्राला वरून पाहणारा एकच कॅमेरा आणि तीन रंगांचा गोल दिवा आहे. एका पिक्सेलमध्ये १५ मायक्रॉन मावतात.

प्लेसमेंटच्या (घटक बोर्डावर बसवणाऱ्या यंत्राच्या) फाईलवरून मी पहिला बोर्ड शिकवला, त्याच्यावरचे दोन फिड्युशिअल (यंत्राला जागा ओळखण्यासाठी बोर्डावर असलेल्या खुणा) निवडले आणि मग बोर्डांमधील अंतर देऊन तोच बोर्ड १२ वेळा मांडला. बोर्ड १ आणि २ वर जेमतेम एखादा खोटा दोष दिसतो, परंतु ४, ८ आणि १२ या बोर्डांवर प्रत्येकी दहा-पंधरा तरी दिसतात, आणि ते मुख्यतः ‘घटक सरकला’ किंवा ‘सोल्डर कमी’ असे असतात. प्रत्यक्ष भिंगाखाली पाहिले तर जोड उत्तम असतात. म्हणून मी त्या तीन बोर्डांवरच्या तपासणीच्या चौकटी एकेक करून सरकवल्या आणि पास होण्याच्या मर्यादा थोड्या सैल केल्या. त्या लॉटला फरक पडला, पण पुढच्या लॉटला सगळे पुन्हा तसेच झाले.

आणखी एक अडचण अशी की कोरा बोर्ड बनवणाऱ्याने खराब म्हणून खूण केलेला बोर्ड पॅनेलमध्ये असला, की एओआय त्याच्यावरचे सर्व ८४ घटक ‘गायब’ म्हणून दाखवते.

प्रत्येक बोर्डाची मांडणी वेगळी ठेवणे योग्य आहे का, की सर्व बोर्ड एकमेकांना बांधूनच ठेवावेत, म्हणजे एकावर केलेला बदल सर्वांना लागू होईल?

---

रांग_तीन (उत्तर)

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वर्णनात आहे: आपण पहिल्या बोर्डावरचे दोन फिड्युशिअल निवडले आणि त्यांच्या आधारावर संपूर्ण पॅनेल मांडले. त्यामुळे यंत्र पहिला बोर्ड अचूक ओळखते आणि बाकीचे अकरा बोर्ड कुठे असतील याचा केवळ अंदाज बांधते. बोर्ड जितका दूर, तितका अंदाज चुकतो.

हिशेब करून पाहावा. आपल्या बोर्डावरचे दोन फिड्युशिअल कर्णावर असतील तर त्यांच्यातील अंतर साधारण ६० मिमी धरू. त्यांपैकी एकाचे केंद्र वाचताना ०.०३ मिमीची चूक झाली, आणि भट्टीतून आलेल्या पॅनेलवर फ्लक्सचा (सोल्डरिंगला मदत करणाऱ्या रसायनाचा) थर किंवा फिड्युशिअलवर चढलेले सोल्डर असले तर एवढी चूक सहज होते, तर तिथून २४० मिमी अंतरावरच्या बोर्डापर्यंत ती चौपट होऊन ०.१२ मिमी होते. ०४०२ घटकाची रुंदी ०.५ मिमी असते. आयपीसी-ए-६१० या इलेक्ट्रॉनिक जोडणीच्या गुणवत्तेच्या मानकातील तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात अशा चिप घटकाला पॅडबाहेर (सोल्डर बसण्याच्या तांब्याच्या जागेबाहेर) बाजूने सरकण्याची मुभा रुंदीच्या २५ टक्के, म्हणजे ०.१२५ मिमी आहे. थोडक्यात, घटक अगदी जागेवर असतानाही ती जवळजवळ सगळी मुभा आपली चौकटच खाऊन टाकते. शिवाय ही चूक दर पॅनेलला निराळ्या दिशेने होते, म्हणूनच एका लॉटला हाताने सरकवलेल्या चौकटी पुढच्या लॉटला उपयोगी पडल्या नाहीत.

पॅनेलसाठी टाकाऊ पट्ट्यांवरचे फिड्युशिअल वापरावेत, आणि शक्यतो तीन कोपऱ्यांतील तीन. दोन बिंदूंवरून यंत्राला सरकणे, फिरणे आणि सर्व दिशांनी सारखे ताणले जाणे एवढेच कळते. तिसरा बिंदू मिळाला की लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या प्रमाणात ताणल्या गेल्या आहेत का, आणि आयताचा किंचित तिरका चौकोन झाला आहे का, हेही कळते. त्यानंतर प्रत्येक बोर्डाचे स्वतःचे दोन फिड्युशिअल स्थानिक सुधारणेसाठी लावावेत. यामुळे २४ अधिक वाचने होतील आणि वेळ वाढेल अशी भीती वाटते, परंतु बहुतेक यंत्रांत घटकांसाठी टिपलेल्या त्याच चित्रात फिड्युशिअल आला तर कॅमेऱ्याला वेगळे हलावे लागत नाही. चित्रांच्या चौकटी आखताना तेवढी काळजी घेतली तर वेळेत फारसा फरक पडू नये.

दुसरी शंका पॅनेलच्या वाकण्याची आहे. सरफेस माउंट (पृष्ठभागावरच घटक जोडलेल्या) बोर्डांसाठी ०.७५ टक्के वाक मान्य धरला जातो. आपल्या पॅनेलचा कर्ण बरोबर ३०० मिमी भरतो, म्हणजे २.२५ मिमी वाकलेले पॅनेलसुद्धा नियमात बसते. १ मिमी जाडी आणि व्ही-कट या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर भट्टीतून पॅनेल सरळ बाहेर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. मी अशा वेळी पॅनेल सपाट काचेवर ठेवून कोपऱ्याखाली फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) सरकवून पाहतो, आणि मग तेच पॅनेल यंत्रात पकडल्यावर मध्यभागी बोटाने अगदी हलके दाबून पाहतो. कन्व्हेअरच्या रुळांची पकड घट्ट असेल तर पॅनेल मध्ये वर फुगलेले जाणवते. रूळ अर्धा मिलिमीटर सैल केल्याबरोबर ते खाली बसते आणि मधल्या ओळीतील धूसर चित्रे स्पष्ट होतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे. खालच्या बाजूला घटक नसतील तर मध्ये आधाराच्या पिना लावाव्यात.

मांडणीबद्दल विचाराल तर सर्व बोर्ड बांधूनच ठेवा. आजवर हाताने केलेले बदल पुसून टाका, आधी फिड्युशिअल दुरुस्त करा आणि मगच काय उरते ते पाहा.

---

उजेड_आणि_सोल्डर (उत्तर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ‘सर्व बोर्ड बांधूनच ठेवा’ या नियमाला एक खरा अपवाद आहे. आपल्या पॅनेलमध्ये तो येणार असे मला वाटते, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तीन रंगांच्या गोल दिव्यात सामान्यतः लाल प्रकाश वरून, हिरवा मधल्या कोनातून आणि निळा अगदी खालच्या कोनातून येतो. त्यामुळे सपाट पृष्ठभाग लाल दिसतो आणि सोल्डरचा तीव्र उतार निळा दिसतो. घटकाच्या टोकाशी निळा पट्टा भरपूर दिसला म्हणजे सोल्डर नीट चढले आहे, असा निष्कर्ष यंत्र काढते. आता आपल्या मांडणीकडे पाहा. कनेक्टर बोर्डाच्या खालच्या कडेजवळ आहे आणि मधली ओळ उलटी आहे. म्हणजे पहिल्या ओळीची खालची कड मधल्या ओळीच्या खालच्या कडेला भिडते आणि दोन कनेक्टर समोरासमोर येतात. तिसऱ्या ओळीची खालची कड मात्र टाकाऊ पट्टीला लागून आहे, तिच्यासमोर काहीच नाही. त्यामुळे त्या कडेजवळच्या रेझिस्टरांवर पहिल्या दोन ओळींत शेजारच्या बोर्डावरील कनेक्टरची सावली पडते, आडवा येणारा निळा प्रकाश अडतो, उतार काळसर दिसतो आणि यंत्र ‘सोल्डर कमी’ म्हणते. तिसऱ्या ओळीत तोच रेझिस्टर स्वच्छ पास होतो.

ही जागेची चूक आहे की सावली, हे ओळखण्याची खूण अशी: खोटे दोष उजवीकडे वाढत जात असतील तर ते जागेच्या चुकीचे आहेत, एकाच नावाच्या घटकावर पहिल्या आठ बोर्डांत येत असतील आणि शेवटच्या चारांत येत नसतील तर ते सावलीचे आहेत. सावलीवर उपाय म्हणून मर्यादा सैल करू नये, कारण सैल केलेली मर्यादा सावली नसलेल्या घटकांवरचा खरा दोषही सोडून देते. त्याऐवजी लायब्ररीत (घटकांच्या तपासणीच्या नियमांच्या संग्रहात) त्या घटकाचा दुसरा प्रकार नावानिशी तयार करावा, त्यात निळ्याऐवजी हिरव्या प्रकाशातील उतार आणि पॅडच्या उघड्या भागाचे क्षेत्रफळ तपासावे, आणि तो प्रकार फक्त त्या ठरावीक जागांना लावावा. पुढे कोणी प्रोग्राम उघडला तर हा फरक का आहे, हे त्याला नावावरूनच कळले पाहिजे. उदाहरणार्थ, ‘०४०२ कनेक्टर-सावली’.

फिरवलेल्या ओळीबद्दल एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. एका ठिकाणी काम करताना आम्ही पॅनेलवरचे पहिलेच बसवलेले बोर्ड ‘गोल्डन’ (आदर्श नमुना) मानून त्यांच्या चित्रांवरून डायोडची दिशा यंत्राला शिकवली. प्लेसमेंटच्या फाईलमध्ये संपूर्ण पॅनेलचे कोन आधीच फिरवलेले होते, आणि प्लेसमेंट यंत्रावर मांडणी करताना त्या ओळीला पुन्हा १८० अंश दिले गेले होते. त्यामुळे मधल्या ओळीतील सर्व डायोड उलटे बसले. रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही दिशांनी सारखेच असल्याने बाकी काहीच खटकले नाही. एओआयने तेच चित्र बरोबर म्हणून शिकले आणि त्यानंतरचे प्रत्येक पॅनेल निर्दोष ठरवले. विद्युत चाचणीवर नेमके चार बोर्ड मृत निघू लागले, तेव्हा कुठे उलगडा झाला. तेव्हापासून मी दिशा असलेला प्रत्येक घटक, प्रत्येक ओळीतील एका बोर्डावर, रेखाचित्र शेजारी ठेवून दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घेतो. डायोडच्या कॅथोडची रेघ, आयसीवरचा ठिपका आणि सिल्कस्क्रीनवरची (बोर्डावरच्या छपाईतील) खूण या तिन्ही गोष्टी मोठ्याने उच्चारून पडताळतो. १२ बोर्डांपैकी तीन पाहायला दहा मिनिटे लागतात.

---

बॅडमार्क (उत्तर)

मी फक्त खूण केलेल्या बोर्डांविषयी लिहितो, कारण हा भाग सर्वांत धोकादायक असूनही त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

८४ खोटे ‘गायब’ दाखवले गेले, की पडताळणीच्या पडद्यासमोर बसलेली व्यक्ती एकेक चित्र पाहत नाही. संपूर्ण गट एका कळीने पास करते. यात तिची चूक नाही, आपण तिला तसे करायला भाग पाडतो. पण त्याच सवयीत शेजारच्या बोर्डावरचा खरोखर गायब असलेला एक कपॅसिटरही पास होऊन जातो. म्हणून खराब बोर्ड यंत्राने स्वतः वगळला पाहिजे.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. प्लेसमेंट यंत्र खूण वाचतेच, ती माहिती पॅनेलच्या बारकोडशी जोडून एओआयला पाठवता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तर एओआयनेच खूण वाचावी. हिरव्या मास्कवर (बोर्डावरच्या संरक्षक थरावर) मार्करने काढलेली काळी फुली कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, त्यामुळे बोर्ड बनवणाऱ्याला सांगून प्रत्येक बोर्डावर मास्क नसलेल्या तांब्याचे एक ठरावीक वर्तुळ ठेवून घ्यावे आणि खराब बोर्डाचे वर्तुळ शाईने झाकायला सांगावे. टाकाऊ पट्टीवर असेच एक मुख्य वर्तुळ असावे. ते स्वच्छ असले तर संपूर्ण पॅनेल चांगले आहे असे समजून १२ वर्तुळे वाचण्याचा वेळ वाचतो.

आता महत्त्वाची गोष्ट. चांगल्या बोर्डाचे वर्तुळ काळवंडले किंवा त्यावर फ्लक्स साचला, तर यंत्र तो बोर्ड खराब समजून न तपासताच पुढे पाठवते, आणि अहवालात मात्र एकही दोष दिसत नाही. म्हणून वगळलेल्या प्रत्येक बोर्डावर दोन-तीन जागा ‘घटक नसलाच पाहिजे’ अशा उलट अटीने तपासाव्यात. खूण खराब म्हणते आणि घटक मात्र बसलेला आहे, असे आढळले तर यंत्राने थांबले पाहिजे.

आणि पॅनेलच्या दोन्ही बाजूंना घटक असतील तर क्रमांकांची अदलाबदल विसरू नका. आपले पॅनेल डावीकडून उजवीकडे पालथे केले की १ च्या जागी ४, ५ च्या जागी ८ आणि ९ च्या जागी १२ येतो. वरच्या बाजूने पाठवलेला ‘बोर्ड ४ खराब’ हा संदेश खालच्या बाजूने जसाच्या तसा वापरला, तर चांगला बोर्ड वगळला जाईल आणि खराब तपासला जाईल.

---

तपासणी_कक्ष

आपण सर्वांनी एवढे सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. काल हाताने केलेले सर्व बदल पुसले, पट्ट्यांवरचे तीन फिड्युशिअल लावले आणि प्रत्येक बोर्डाला स्थानिक सुधारणा दिली. ४, ८ आणि १२ वरचे ‘घटक सरकला’ हे दोष जवळपास नाहीसे झाले. रुळांची पकडही घट्ट होती; ती सैल केल्यावर बोर्ड ६ आणि ७ ची चित्रे स्पष्ट झाली.

सावलीचा अंदाजही तंतोतंत खरा ठरला. कनेक्टरच्या कडेजवळचे दोन रेझिस्टर पहिल्या आठ बोर्डांवर अजूनही ‘सोल्डर कमी’ दाखवतात आणि शेवटच्या चारांवर दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी लायब्ररीत वेगळा प्रकार करत आहे. मधल्या ओळीतील डायोड रेखाचित्राशी पडताळले. ते योग्य दिशेने आहेत. खराब बोर्डाच्या वर्तुळांविषयी बोर्ड बनवणाऱ्यांना आजच कळवले आहे.

आता शेवटची शंका: मर्यादा किती घट्ट ठेवाव्यात हे कशावरून ठरवावे? आतापर्यंत मी एका चांगल्या पॅनेलवर एकही दोष दिसेनासा होईपर्यंत त्या सैल करत होतो.

---

जोड_पडताळणी (उत्तर)

एका चांगल्या पॅनेलवरून मर्यादा ठरवल्या तर यंत्र फक्त त्या पॅनेलला ओळखते. चांगल्या जोडांमध्येही फरक असतो: शिसेविरहित सोल्डर किंचित खरबरीत आणि निस्तेज दिसते, पुरवठादार बदलला की कपॅसिटरच्या अंगाचा रंग बदलतो, सिल्कस्क्रीन थोडी सरकते. म्हणून किमान दोन वेगवेगळ्या लॉटमधील वीस-तीस पॅनेलांची मोजमापे साठवा आणि प्रत्येक तपासणीचे आकडे कुठे एकवटतात ते पाहा. आपल्याकडे पॅनेलचा एक फायदा आहे: बोर्ड एकमेकांना बांधलेले असल्याने एका पॅनेलमधून त्याच रेझिस्टरची १२ मोजमापे मिळतात, त्यामुळे माहिती लवकर जमते. हेच आकडे बोर्डाच्या क्रमांकानुसार वेगळे करून पाहिले आणि एकाच बोर्डाची सरासरी बाजूला गेलेली दिसली, तर मर्यादेला हात लावू नका. तिथे जागेची, सावलीची किंवा सोल्डर-पेस्टच्या स्टेन्सिलची (पेस्ट लावण्याच्या छिद्रे असलेल्या पत्र्याची) अडचण असते.

मर्यादेची दुसरी बाजू वाईट जोडांवरून ठरते, आणि ते आपोआप मिळत नाहीत. एक पॅनेल राखून ठेवा आणि त्यात जाणूनबुजून दोष तयार करा: एक घटक काढून टाका, एक उभा करा, आयसीचा एक पाय सुईने किंचित उचला, दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल करा, एक डायोड उलटा लावा, एका रेझिस्टरचे सोल्डर तांब्याच्या तारांच्या वेणीने शोषून घ्या. हे दोष पहिल्या बोर्डावरच न करता मधल्या फिरवलेल्या ओळीत आणि १२ व्या बोर्डावरही करा. प्रत्येक दोषाची जागा कागदावर लिहून ते पॅनेल झाकणाच्या डब्यात ठेवा. मर्यादा किंवा लायब्ररी बदलली की उत्पादन सुरू करण्यापूर्वी तेच पॅनेल चालवा. एकही दोष निसटला तर बदल परत घ्या. सावलीसाठी आपण जो नवा प्रकार करत आहात, त्यावर तर हे अवश्य करा, कारण सोल्डर शोषलेला रेझिस्टर त्या सावलीतच पकडला जातो की नाही हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळणार नाही.

पुनरावृत्तीसाठी एक चांगले पॅनेल दहा वेळा चालवा, मात्र दर वेळी ते बाहेर काढून पुन्हा आत घाला. आतच ठेवून दहा वेळा तपासले तर पकड आणि फिड्युशिअल यांच्यातील फरक त्यात उतरत नाही.

घटक सरकण्याच्या मर्यादेसाठी ग्राहकाने कोणता वर्ग मागितला आहे ते आधी विचारा. ०४०२ ला दुसऱ्या वर्गात बाजूने ५० टक्के मुभा आहे, तिसऱ्यात २५ टक्के. टोकाकडून पॅडबाहेर जाण्याची मुभा कोणत्याच वर्गात नाही. २५ टक्के म्हणजे आपल्या यंत्रावर अवघे आठ पिक्सेल. त्यातले दोन-तीन पिक्सेल यंत्राच्या स्वतःच्या चुकीसाठी राखून मर्यादा ठरवा.

क्यूएफएनच्या पोटाखालचे सोल्डर वरच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, तिथे एओआयने पास म्हटले तरी ते फक्त कडेच्या जोडांपुरतेच असते. त्या पॅडसाठी पहिल्या काही पॅनेलांमधून प्रत्येक ओळीतील एक बोर्ड एक्स-रेखाली पाहा, आणि रोजच्या कामात भट्टीच्या आधीच पेस्टची उंची व क्षेत्रफळ मोजणारे यंत्र असेल तर त्या पॅडची मर्यादा तिथे घट्ट ठेवा.

---

तपासणी_कक्ष

समजले. दोषांचे पॅनेल आज तयार केले: बोर्ड १, ६ आणि १२ वर मिळून १५ दोष. पहिल्याच फेरीत १४ पकडले गेले. निसटलेला एक दोष बोर्ड ६ वरच्या आयसीच्या उचललेल्या पायाचा आहे, म्हणजे मी जुन्या पॅनेलवर सर्वांत जास्त सैल केलेली मर्यादा. ती पूर्ववत करून उद्या पुन्हा चालवतो आणि आकडे इथे टाकतो.